शेजाऱ्याचे झाड, आपले अंगण : फांदी तोडण्याचा अधिकार नेमका कोणाला?

बंगळुरू : पावसाळा तोंडावर आला की दक्षिण बंगळुरूतील जयनगरसारख्या जुन्या आणि झाडीने भरलेल्या वस्तीत एक ठरावीक प्रश्न पुन्हा डोके वर काढतो. झाड शेजाऱ्याच्या आवारात उभे आहे, पण त्याची जाड फांदी आपल्या छतावर आली आहे. ती तोडायची कोणी? खर्च कोणी सोसायचा? आणि ती कोसळून कोणी जखमी झाले तर जबाबदार कोण?

कायद्याचे उत्तर थोडक्यात असे आहे. आपल्या हद्दीत आलेल्या फांदीविरुद्ध दाद मागण्याचा हक्क प्रत्येक घरमालकाला आहे. ती फांदी आपल्या हाताने, परवानगीशिवाय तोडण्याची मुभा मात्र देशातील अनेक मोठ्या शहरांत वृक्षसंरक्षण कायद्यांनी जवळपास संपवली आहे. या दोन नियमांतील फरक माहीत नसल्याने एका बाजूला धोकादायक फांद्या वर्षानुवर्षे तशाच लोंबत राहतात, तर दुसऱ्या बाजूला निरोगी झाडांवर रातोरात करवत चालते. पुणे, नागपूर, पणजी, बेळगाव किंवा दिल्ली येथे राहणाऱ्या मराठी वाचकांसाठीही हा प्रश्न तितकाच निकडीचा आहे, कारण राज्यागणिक कायदे वेगळे असले तरी त्यांचे मूळ तत्त्व सारखेच आहे.

जयनगर : झाडांसाठी आखलेली वस्ती

लालबागेच्या दक्षिणेस असलेल्या जयनगरची पायाभरणी १९४८ मध्ये झाली. म्हैसूरचे अखेरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार यांच्या नावावरून वस्तीला हे नाव मिळाले. रुंद रस्ते, क्रमांकांनी ओळखले जाणारे ‘ब्लॉक’, प्रत्येक घराभोवती थोडी मोकळी जागा आणि रस्त्यांच्या दुतर्फा झाडे अशी या वस्तीची रचना आहे.

बंगळुरूची ही हिरवाई अनेक टप्प्यांत घडली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लालबागेचे प्रमुख असलेले जर्मन उद्यानतज्ज्ञ गुस्ताव हेर्मान क्रुम्बिगेल यांनी शहरात वर्षभर एकामागून एक बहर येत राहावा, अशा पद्धतीने वृक्षांची निवड केली. पुढे १९८० च्या दशकात वनाधिकारी एस. जी. नेगिनहाळ यांच्या देखरेखीखाली शहरात सुमारे १५ लाख रोपे लावण्यात आली. घरमालकांनी आपापल्या आवारात नारळ, आंबा, फणस, कडुनिंब आणि शेवगा लावला. रस्त्यांवर गुलमोहर, पर्जन्यवृक्ष, पीतमोहर आणि करंज वाढले.

ही झाडे आज पूर्ण वाढली आहेत, पण त्यांच्याभोवतीची वस्ती बदलली आहे. एकमजली बंगल्यांच्या जागी तीन-चार मजली इमारती आल्या, तळमजल्यावर वाहनतळ आले, बागेच्या मातीवर फरशी बसली आणि छतांवर सौर जलतापक चढले. पूर्वी दोन घरांच्या मधल्या मोकळ्या जागेत सामावणारी फांदी आता थेट शेजारच्या गच्चीला टेकते. झाड होते तिथेच आहे, भिंत त्याच्याजवळ सरकली आहे. शेजाऱ्यांमधील बहुतेक वादांचे मूळ या बदलात सापडते.

तक्रारी कशाच्या असतात?

झाडावरून होणाऱ्या तक्रारींचे साधारणपणे चार प्रकार दिसतात. पहिला प्रकार रोजच्या त्रासाचा. पानगळीने पन्हाळी आणि गच्चीवरील पाण्याचे मार्ग तुंबतात, पक्ष्यांच्या विष्ठेने मोटारी खराब होतात, सौर जलतापकावर सावली पडते. शेवग्याच्या झाडावर पावसाळ्याच्या सुमारास केसाळ अळ्यांचे थवे येतात आणि त्या भिंत ओलांडून शेजाऱ्याच्या घरात शिरतात. अशा अळ्यांच्या स्पर्शाने अंगावर पुरळ उठते, त्यामुळे शेवगा हा अनेकदा वादाचे कारण ठरतो.

दुसरा प्रकार जमिनीखालचा. वड-पिंपळाच्या जातीतील झाडांची मुळे आवारभिंतीला तडे देतात. जुन्या सांडपाणी वाहिन्यांच्या सांध्यांतून मुळे आत शिरतात आणि नळ तुंबतो. तिसरा प्रकार फळांचा. आंबे, नारळ आणि फणस कोणाचे, यावरून उडणारे खटके वरवर किरकोळ वाटतात, पण जुन्या रागाला त्यातूनच तोंड फुटते. चौथा आणि सर्वांत गंभीर प्रकार जीविताच्या धोक्याचा आहे. पोकळ झालेले खोड, वाळलेली फांदी, एका बाजूला झुकलेले झाड किंवा माणसे वावरतात त्या जागेवर आलेला नारळाचा शेंडा यांत प्रश्न केवळ गैरसोयीचा राहत नाही.

या चारही प्रकारांना कायदा एकाच मापाने मोजत नाही. पाने गळणे हा झाडाचा स्वभाव आहे. केवळ पालापाचोळ्यासाठी झाड तोडण्याची परवानगी मिळण्याची शक्यता फार कमी असते. भिंतीचे नुकसान किंवा जीविताचा धोका पुराव्यानिशी दाखवता आला, तर मात्र तक्रारीचे वजन बदलते.

झाड कोणाचे?

वादात पडण्यापूर्वी मालकी ठरवावी लागते. सर्वसाधारण नियम असा, की ज्या जमिनीतून खोड वर येते त्या जमिनीच्या मालकाचे ते झाड. फांद्या कुठे पसरल्या आणि मुळे कुठवर गेली, यावरून मालकी बदलत नाही. जमिनीत रुजलेले झाड कायद्याच्या दृष्टीने स्थावर मालमत्तेचा भाग असते. खोड नेमके हद्दीवर असेल, तर ते दोघांचे मानले जाते आणि त्याबाबतचा निर्णय एकट्याला घेता येत नाही. अशा वेळी जमिनीची मोजणी करून हद्द निश्चित करणे ही पहिली पायरी ठरते. ग्रामीण महाराष्ट्रात बांधावरच्या झाडाचा वाद बहुधा मोजणीपाशीच येऊन थांबतो, तो याच कारणाने.

पदपथावरचे झाड घरासमोर असले, घरमालकाने स्वतः लावून वाढवले असले, तरी ते सार्वजनिक झाड असते. जयनगरमध्ये अनेक घरांच्या फाटकासमोर अशी झाडे आहेत. मोटार आत नेण्यास अडचण होते म्हणून त्यांच्या फांद्या परस्पर तोडता येत नाहीत. २०२५ मध्ये बंगळुरू महानगरपालिकेच्या जागी ग्रेटर बंगळुरू प्राधिकरण आणि पाच महानगरपालिका अशी रचना आली. शहराची प्रशासकीय चौकट बदलली, तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीची अट कायम आहे.

जुने तत्त्व : हद्दीत आलेली फांदी म्हणजे उपद्रव

या विषयावरचा सर्वाधिक उद्धृत होणारा निवाडा इंग्लंडमधील आहे. ‘लेमन विरुद्ध वेब’ या प्रकरणात तेथील हाउस ऑफ लॉर्ड्सने असे ठरवले, की शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या जमिनीवर आली असेल, तर शेजाऱ्याच्या जमिनीत पाऊल न टाकता ती हद्दीपर्यंत तोडता येते आणि त्यासाठी आधी नोटीस देण्याचेही बंधन नाही. १८९५ च्या निवाडे-संग्रहात प्रसिद्ध झालेला हा निर्णय ब्रिटिश भारतातील न्यायालयांनाही मार्गदर्शक ठरला. फांदी अनेक वर्षे लोंबत आहे, एवढ्यावरून ती तशीच ठेवण्याचा हक्क झाडमालकाला मिळत नाही, असे तत्त्व त्यातून रूढ झाले. फांदी सतत वाढत असते, त्यामुळे तिला वहिवाटीचा स्थिर हक्क चिकटत नाही, हा त्यामागचा तर्क आहे.

फळांबाबतचा नियम मात्र अनेकांना चकित करतो. १९१९ च्या ‘मिल्स विरुद्ध ब्रूकर’ या इंग्रजी प्रकरणात शेजाऱ्याने आपल्या हद्दीत आलेल्या फांद्यांवरील सफरचंदे काढून विकली होती. फांदी तोडण्याचा हक्क असला तरी फळे झाडमालकाचीच, असे न्यायालयाने ठरवले. भारतातही हे ध्यानात ठेवणे हिताचे आहे. भारतीय न्याय संहितेनुसार जमिनीला जोडलेली वस्तू जमिनीपासून वेगळी होताच चोरीचा विषय होऊ शकते, आणि दुसऱ्याच्या जमिनीवरील झाड अप्रामाणिक हेतूने तोडून नेणे हे कायद्यातच चोरीचे उदाहरण म्हणून दिलेले आहे. भिंत ओलांडून शेजाऱ्याच्या आवारात शिरल्यास त्यात अतिक्रमणाच्या गुन्ह्याची भर पडू शकते.

दिवाणी न्यायालयात अशा वादाला ‘उपद्रव’ या सदराखाली दाद मिळते. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम १९६३ च्या कलम ३८ आणि ३९ नुसार न्यायालय त्रासदायक कृतीस मनाई करू शकते किंवा फांद्या अथवा मुळे काढण्याचा आदेश देऊ शकते. त्रास सुरूच असेल तोवर दाव्याची मुदत नव्याने सुरू होत राहते, अशी तरतूद मुदत अधिनियम १९६३ च्या कलम २२ मध्ये आहे. त्यामुळे तक्रार करण्यास उशीर झाला म्हणून हक्क संपत नाही. झालेल्या नुकसानीची भरपाईही मागता येते, मात्र नुकसान त्या झाडामुळेच झाले हे सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदाराची असते.

नवे बंधन : वृक्षसंरक्षण कायदे

स्वातंत्र्योत्तर काळात राज्यांनी केलेल्या कायद्यांनी हे चित्र पालटले. महाराष्ट्राने १९७५ मध्ये नागरी क्षेत्रांसाठी वृक्षसंरक्षण व जतन अधिनियम केला. कर्नाटकाने १९७६ मध्ये वृक्ष संरक्षण अधिनियम आणला. गोवा, दमण आणि दीवसाठी १९८४ मध्ये आणि दिल्लीसाठी १९९४ मध्ये असे कायदे झाले. या सर्वांचा गाभा एकच आहे : झाड खासगी जमिनीवर असले तरी त्याच्या तोडीचा निर्णय मालकाच्या एकट्याच्या हाती नाही.

कायद्यातील ‘झाड तोडणे’ या संज्ञेची व्याप्ती लक्षात घेण्यासारखी आहे. महाराष्ट्राच्या कायद्यात झाड जाळणे, कापणे किंवा त्याला कोणत्याही प्रकारे इजा पोहोचवणे याचा त्यात समावेश होतो. दिल्लीच्या कायद्यात फांद्या छाटणे, खोडाची साल गोलाकार सोलणे आणि झाड मारणारी रसायने वापरणे यांचाही उल्लेख आहे. बंगळुरूत खोडाला छिद्रे पाडून त्यात आम्ल किंवा विषारी द्रव ओतल्याचे प्रकार वेळोवेळी उघडकीस आले आहेत. झाड आपोआप वाळले असे भासवण्यासाठी केलेली ही कृती परवानगीशिवाय झाड तोडण्याइतकीच बेकायदा आहे. शिवाय उभ्या अवस्थेत मेलेले झाड केव्हाही कोसळू शकते, आणि ते विष घालणाऱ्याच्या घरावरही पडू शकते.

किरकोळ छाटणीला परवानगी लागत नाही, हा समज दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०२३ मधील निर्णयाने खोडून काढला. वसंत विहार भागातील झाडांच्या छाटणीवरून हे प्रकरण न्यायालयात पोहोचले होते. १५.७ सेंटीमीटरपर्यंत घेर असलेल्या फांद्या वृक्ष अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय छाटण्याची मुभा देणारी मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयाने रद्द ठरवली. मूळ कायद्यात नसलेली सूट प्रशासकीय सूचनेने देता येत नाही, हे या निर्णयाचे सार. निर्णय दिल्लीपुरता असला, तरी ‘एवढीशी फांदी तर होती’ हा बचाव किती कमकुवत आहे, हे त्यातून स्पष्ट होते.

कायदा झाडाच्या बाजूने आंधळेपणाने उभा राहतो, असेही नाही. झाड मृत किंवा रोगट असेल, वाऱ्याने पडले असेल, त्यापासून जीविताला वा मालमत्तेला धोका असेल किंवा वाहतुकीस अडथळा होत असेल, तर परवानगी नाकारू नये, अशी तरतूद कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांच्या कायद्यांत आहे. म्हणजे खरोखर त्रस्त असलेल्या शेजाऱ्यासाठी मार्ग खुला आहे. फक्त धोका आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार तक्रारदाराला नसून पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याला आहे.

महाराष्ट्रात २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट घातली. वाड्याच्या किंवा गृहनिर्माण संस्थेच्या आवारातील जुन्या झाडावरून वाद असेल, तर ही तरतूद आधी पाहावी लागते. मुंबईत महापालिका अधिनियमाच्या कलम ३८३ नुसार धोकादायक झाडे व फांद्या हटवण्यासाठी महापालिका जागेच्या मालकाला नोटीस देऊ शकते. दर पावसाळ्यापूर्वी गृहनिर्माण संस्थांना येणाऱ्या सूचनांमागे हा आधार असतो.

जयनगरच्या दृष्टीने कर्नाटक उच्च न्यायालयातील एक प्रकरण महत्त्वाचे आहे. बंगळुरू एन्व्हायर्नमेंट ट्रस्टने वृक्ष कायद्याच्या अंमलबजावणीसाठी जनहित याचिका दाखल केली होती. तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती अभय ओक यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने २०१९ मध्ये शहरातील झाडांची गणना करण्याचे निर्देश दिले. शेजाऱ्यांच्या वादात या गणनेचा थेट उपयोग आहे. झाडाची जात, आकार आणि प्रकृती यांची नोंद आधीपासून उपलब्ध असेल, तर ‘झाड निरोगी होते’ आणि ‘झाड धोकादायक होते’ या दाव्यांतील खरेखोटे तपासणे सोपे जाते.

फांदी पडली तर जबाबदार कोण?

या वादातील सर्वांत गंभीर प्रश्न जबाबदारीचा आहे. दिल्लीत १९६४ मध्ये स्कूटरवरून जाणाऱ्या एका व्यक्तीचा रस्त्यालगतच्या झाडाची वाळलेली फांदी डोक्यावर पडून मृत्यू झाला. कुटुंबाने महापालिकेविरुद्ध दिलेला लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९९ मध्ये न्यायालयाने महापालिकेची जबाबदारी कायम ठेवली. झाड किंवा फांदी वाळली आहे आणि त्यापासून धोका आहे, हे ज्याला कळायला हवे होते, त्याने वेळीच खबरदारी घेतली नाही तर तो निष्काळजीपणा ठरतो, असे त्यातून स्पष्ट झाले.

हेच तत्त्व खासगी झाडमालकालाही लागू पडते. निरोगी झाड अनपेक्षित वादळात पडले, तर मालकावर दोष ठेवणे कठीण असते. मात्र शेजाऱ्याने लेखी कळवूनही मालकाने झाड तपासले नसेल, तर ‘मला माहीतच नव्हते’ हा बचाव उरत नाही. म्हणून तोंडी भांडणापेक्षा तारीख, छायाचित्र आणि पोहोच असलेले साधे पत्र अधिक प्रभावी ठरते. धोका नसेल तर तपासणीने मालकाची काळजी मिटते, आणि असेल तर दोन्ही घरे वाचतात.

झाड कोसळण्याच्या बेतात असेल आणि मालक दाद देत नसेल, तर दिवाणी दाव्याची वाट पाहण्याची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ नुसार, झाड पडून परिसरात राहणाऱ्या, व्यवसाय करणाऱ्या किंवा ये-जा करणाऱ्या लोकांना इजा होण्याची शक्यता असेल, तर कार्यकारी दंडाधिकारी ते हटवण्याचा किंवा त्याला आधार देण्याचा सशर्त आदेश काढू शकतात. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये हीच तरतूद होती. गोव्यात जीविताला वा मालमत्तेला धोका असलेल्या झाडाबाबत उपजिल्हाधिकाऱ्यांकडे दाद मागितली जाते.

चुकीची छाटणी धोका वाढवते

वाद मिटवण्यासाठी अनेकदा ‘आपल्या बाजूच्या सगळ्या फांद्या काढून टाका’ असा तोडगा निघतो. झाडाच्या दृष्टीने तो घातक असतो. एका बाजूचा भार काढल्यास झाडाचा तोल दुसऱ्या बाजूला जातो आणि वादळात ते त्या दिशेने उन्मळण्याची शक्यता वाढते. शेंडा छाटल्यावर त्या जागी वेगाने फुटणारे नवे धुमारे खोडाशी कमकुवत जोडलेले असतात, त्यामुळे काही वर्षांनी तेच मोडून पडतात. फांदीचा मोठा खुंट तसाच सोडल्यास तेथे पाणी मुरून कूज आत शिरते.

मुळांबाबत अधिक सावधगिरी लागते. पाया खणताना, गटार बांधताना किंवा वाहिन्या टाकताना बुंध्याजवळची जाड मुळे तोडली जातात, पण झाड वरून हिरवेच दिसत राहते. पहिल्या जोरदार वळवाच्या पावसात ते मुळासकट आडवे होते. मूळचा मादागास्करचा गुलमोहर आणि अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून आलेला पर्जन्यवृक्ष या पसरट वाढीच्या झाडांना मुळांसाठी मोकळी माती हवी असते. बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतल्यास पाणी व हवा मिळत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटर परिघातील काँक्रीट हटवण्याचे निर्देश दिले होते, ते याच कारणासाठी.

अनेक वेळा झाड न तोडता त्रास कमी करता येतो. पन्हाळीवर जाळी बसवणे, नारळ वेळच्या वेळी उतरवणे, अळ्यांच्या हंगामापूर्वी शेवग्याची परवानगीने हलकी छाटणी करणे, तडा गेलेली भिंत मुळाला वळसा घालून बांधणे आणि सांडपाण्याची जुनी वाहिनी बदलणे हे उपाय खटल्यापेक्षा स्वस्त पडतात. छाटणीपूर्वी घरटी आहेत का, हेही पाहावे लागते. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मधील ‘शिकार’ या संज्ञेत वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी नष्ट करणे समाविष्ट आहे. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात २०२२ मध्ये महामार्गाच्या कामासाठी घरटी असलेले झाड पाडल्याने अनेक पक्षी मेले आणि त्या प्रकरणी या कायद्याखाली गुन्हा नोंदवण्यात आला.

दाद मागण्याचा क्रम

अशा वादात पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा ठरतो.

१. शेजाऱ्याशी प्रत्यक्ष बोलणे आणि दोघांनी मिळून झाड पाहणे. झाडमालकाला आपल्या बाजूने न दिसणारी वाळलेली फांदी अनेकदा अशा वेळी प्रथमच दिसते.

२. त्रास सुरूच राहिल्यास छायाचित्रांसह लेखी कळवणे आणि पोहोच जपून ठेवणे.

३. वृक्ष अधिकारी किंवा महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करणे. अर्जात ‘झाड काढावे’ एवढेच न लिहिता कोणती फांदी, कोणता धोका आणि कोणते नुकसान, हे स्पष्ट करणे उपयुक्त ठरते. बंगळुरूत पडलेल्या झाडांची व धोकादायक फांद्यांची तक्रार १५३३ या हेल्पलाइनवरही नोंदवता येते. फांदी विजेच्या तारांवर आली असेल, तर वीज कंपनीला कळवावे. स्वतः हात लावणे जिवावर बेतू शकते.

४. परवानगी मिळाल्यावर खर्चाची वाटणी लेखी ठरवणे. झाड एकाचे आणि त्रास दुसऱ्याचा असल्याने खर्चावरून अर्ज अडून राहतात. निम्मा-निम्मा खर्च हा कायद्याचा नियम नाही, पण व्यवहारात तोडगा निघण्यास त्याची मदत होते.

५. तातडीचा धोका असल्यास कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, आणि नुकसानभरपाई किंवा मनाई हुकूम हवा असल्यास दिवाणी न्यायालयाकडे जाणे. तत्पूर्वी विधी सेवा प्राधिकरणामार्फत लोकअदालतीत तडजोडीचा प्रयत्न करता येतो. मध्यस्थी अधिनियम २०२३ मध्ये एखाद्या परिसरातील रहिवाशांच्या सलोख्यावर परिणाम करणाऱ्या वादांसाठी सामुदायिक मध्यस्थीची संकल्पना मांडलेली आहे. झाडाचा वाद त्या वर्णनात चपखल बसतो.

इतरत्र काय नियम आहेत?

अन्य देशांनी हा प्रश्न संहितेतच सोडवला आहे. फ्रान्सच्या दिवाणी संहितेत दोन मीटरहून उंच वाढणारी झाडे हद्दीपासून किमान दोन मीटर अंतरावर लावण्याचा सर्वसाधारण नियम आहे. जर्मनीत झाडमालकाला वाजवी मुदत देऊन शेजारी हद्दीत आलेली फांदी कापू शकतो, आणि शेजाऱ्याच्या जमिनीवर आपोआप पडलेले फळ त्या जमिनीच्या मालकाचे मानले जाते. जपानमध्ये शेजाऱ्याची मुळे कापण्याची मुभा पूर्वीपासून होती, फांदीसाठी मात्र मालकाकडेच मागणी करावी लागे. एप्रिल २०२३ पासून तेथे मालकाने वाजवी मुदतीत कार्यवाही न केल्यास फांदीही कापता येते. इंग्लंड आणि वेल्समध्ये दोन मीटरहून उंच सदाहरित कुंपणांच्या तक्रारींसाठी २००३ च्या कायद्याने स्थानिक प्रशासनाला अधिकार दिले.

भारतात अंतराचा असा सर्वत्र लागू असणारा ठळक नियम नाही. त्यामुळे झाड लावतानाच त्याच्या पूर्ण वाढीचा विचार करणे, हाच सर्वांत प्रभावी प्रतिबंधक उपाय आहे. आवारभिंतीला खेटून वड, पिंपळ किंवा उंबर वाढू दिल्यास पंधरा-वीस वर्षांनी वाद अटळ असतो. रोप असताना ते हलवणे सोपे, वृक्ष झाल्यावर ते शक्य होत नाही.

आज्ञापत्रातला दाखला

झाड आणि मालकी यांचा मेळ घालण्याची ही अडचण मराठी वाचकांना नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराजवळील उपवनांतील झाडांची पालवी, लहान फांद्या, मोठ्या फांद्या आणि खोड तोडण्यासाठी चढत्या क्रमाने दंड सांगितला आहे, आणि हद्द दाखवणाऱ्या झाडांसाठी तो दुप्पट आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड घेतानाही रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, अशी ताकीद आहे. लोकांनी ही झाडे लेकरांप्रमाणे दीर्घकाळ वाढवलेली असतात, हे त्याचे कारण दिले आहे. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर मालकाला राजी करून आणि मोबदला देऊन मगच तोडावे, असे त्यात सांगितले आहे.

मालकाची संमती, झाडाची खरी अवस्था आणि योग्य मोबदला हे तीन निकष आजच्या वादांतही उपयोगी पडतात. आजच्या कायद्याने त्यात चौथी अट घातली आहे, ती वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीची. जयनगरच्या रस्त्यांवरील सावली अनेक पिढ्यांनी वाढवलेली आहे आणि ती कोणा एका घराची नाही. त्या सावलीखाली राहणाऱ्याच्या डोक्यावर वाळलेली फांदी लोंबत ठेवण्याचा अधिकारही कोणाला नाही. म्हणूनच धोकादायक फांदीची तक्रार पाऊस सुरू होण्यापूर्वीच लेखी करणे आणि झाडमालकाने तिची वेळीच दखल घेणे, दोन्ही शेजाऱ्यांच्या हिताचे आहे.